सात अधिक बारा

मुळशी तालुक्यात पहिलीतल्या पोराला विचारा, सात आणि बारा मिळून किती? पोरगं बोटं उघडायला लागेल. शेजारी उभ्या असलेल्या बापाला विचारा. तो म्हणेल, "सातबारा. गट नंबर सांगा."

बापाला हसू नका. चांदणी चौक मागे टाकून भूगाव, भुकूम, पिरंगुट, पौड असं सरळ जात राहिलात तर दोन्ही अंगांना जे फलक दिसतात, त्यांवरून तालुक्यात दोनच धंदे जोरात असल्याचं कळतं. एक प्लॉटिंगचा. दुसरा बालवाडीचा. हल्ली तिला प्री-स्कूल म्हणतात, बालवाडी म्हटलं की फी फुगत नाही. पहिल्या फलकावर 'निसर्गाच्या कुशीत', दुसऱ्यावर 'खेळता खेळता शिक्षण'. दोन्हीकडे आधी टोकन, मग साइट दाखवणार.

गुंठ्याचं गणित मात्र तालुक्याला तोंडपाठ. गुंठ्याला १०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. टपरीवरचा दहावी नापास माणूस साडेतीन गुंठ्यांचे चौरस फूट चहा निवायच्या आत सांगतो. वर दर लावून, आपली दलाली वेगळी काढून, एकूण आकडाही सांगतो. कागद नाही, पेन नाही. अशा माणसाला गणित येत नाही असं कोण म्हणेल? म्हटलं होतं, त्याच्या शाळेने. दहावीला, लेखी.

आता त्याच्याच घरातल्या दुसरीतल्या पोराची वही उघडा. २७ अधिक १५, बरोबर ३१२. खाली लाल शाईची फुली. पोराने तसं बघितलं तर काहीच गैर केलेलं नाही. सात आणि पाच बारा, दोन आणि एक तीन, जे जे आलं ते ते ओळीने लिहून टाकलं. खुराड्यात सत्तावीस कोंबड्या असत्या, त्यांत पंधरा आणून सोडल्या असत्या आणि तीनशे बारा झाल्या असत्या, तर ह्याच पोराने बोंब मारून आख्खी वाडी गोळा केली असती. वहीत तीनशे बारा झाल्या तर त्याला काही वाटत नाही. वहीत कोंबड्या नसतात हे त्याला पहिलीतच कळलेलं असतं.

'प्रथम' संस्थेचा 'असर' अहवाल दर खेपेला येतो आणि दर खेपेला आपण दोन दिवस हळहळतो. २०२४च्या अहवालात देशातल्या ग्रामीण भागातल्या, तिसरीतल्या ३३.७ टक्के मुलांना दोन अंकी, हातच्याची वजाबाकी जमली. म्हणजे तिघांत एकाला. बाकीच्यांना नाही जमली, पण ते किती हे काढायला वजाबाकीच लागते, म्हणून तो विषय कुणी वाढवत नाही. त्या चाचणीत बेरीज विचारतच नाहीत. वजाबाकी आली की बेरीज आलीच, असं धरून चालतात. ह्या आकड्यावर आपला रामबाण इलाज ठरलेला आहे. जास्त वह्या. आणखी जास्त वह्या. ऐपत असेल तर ॲबॅकस.

गंमत अशी की बेरीज ह्या तालुक्यात रानोमाळ पडलेली आहे. फक्त तिला शाळेचा दाखला मिळालेला नाही.

दुपारच्या सुट्टीत शाळेच्या ओट्यावर मुली सागरगोटे खेळत असतात, तिथं जरा उभे राहा. गोटे पाच. एक वर उडवायचा आणि तो खाली यायच्या आत जमिनीवरचे उचलून तोही झेलायचा. पहिल्या फेरीत चारही गोटे एकेक करून. दुसऱ्या फेरीत दोन आणि दोन. तिसरीत तीन आणि एक. चौथीत चारही एकदम, मूठभर. तिसरी फेरी बघण्यासारखी असते. तीन जवळजवळ पडायला हवेत आणि एक लांब. दुसऱ्या फेरीसारखे टाकून चालत नाही, म्हणून टाकतानाच मनगट वेगळं फिरतं. म्हणजे गोटे जमिनीवर पडायच्या आधी त्या पोरीने डोक्यात चारची फोड केलेली असते: तीन आणि एक. चार म्हणजे एक-एक-एक-एक, चार म्हणजे दोन-दोन, चार म्हणजे तीन-एक. पहिलीच्या गणितात सगळ्यांत अवघड जागा कुठली असेल तर हीच, की एकच संख्या अनेक तऱ्हांनी मोडते आणि पुन्हा जुळते. ती पोरगी ही जागा धुळीत बसून, बाईंच्या मदतीवाचून ओलांडते. तेवढ्यात घंटा होते. बाई म्हणतात, "खेळ पुरे. गणिताच्या वह्या काढा."

पोरांची तऱ्हा वेगळी नाही. विटीदांडूत 'वकट, लेंड, मूंड' म्हणत मोजणी होते, गावागणिक उच्चार बदलतात, पण वळण स्पष्ट कानडी-तेलुगूचं. मुळशीतली पोरं पिढ्यान् पिढ्या परभाषेत मोजत आली आणि कुठल्याही त्रिभाषा सूत्रावरून कधी मोर्चा निघाला नाही. कबड्डीत दोन गडी बाद, वर बोनस, सगळा संघ बाद झाला म्हणून लोणाचे दोन, हा हिशेब सात वर्षांचा पोरगा रेषेबाहेर उभा राहून ओरडून सांगतो. पंच चुकला तर पंचाच्या अंगावर जातो. त्याला वर्गात 'दोन अधिक एक अधिक दोन' विचारलं की तो छताकडे बघतो.

चिंचोक्यांचं तर विचारूच नका. चिंचोका मध्ये फोडला की एक बाजू पांढरी, एक बाजू तपकिरी. अशी चार फाकं घ्यायची आणि टाकायची. जितकी पांढरी वर, तितकी घरं पुढे. चारही पांढरी पडली तर चार, चारही उलटी पडली तर आठ आणि वर आणखी एक डाव. हा खेळ आजीला येतो, पणजीलाही येत होता. फाशावर ठिपके मोजायचे असतात. इथं पोर एका नजरेत 'तीन' म्हणून मोकळं होतं. न मोजता ओळखणं, मग आपल्या घरापासून पुढं मोजणं, मग 'मला अजून पाच पायजेत, म्हंजी एकदा चार अन् एकदा एक' असा आराखडा बांधणं. सगळं फुकटात, चिंचेच्या झाडाखाली.

ह्याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला हिंजवडी, माण, मारुंजी. तिथल्या बालशाळांत हेच चिंचोके काचेच्या बरणीत बसलेले असतात, बरणीवर चिठ्ठी: 'नॅचरल लूज पार्ट्स'. पालक त्याचे फोटो काढतात. तिकडच्या मुलाला चिंचोके मिळतात पण चिंचेचं झाड मिळत नाही. इकडे ताम्हिणीच्या अंगाला वाडीतल्या मुलाला झाड मिळतं, पण शाळेत मात्र भिंतीवरचा तक्ता. आणि कपाटात गणित पेटी. मणीमाळ, दशकाचे दांडे, सुटे, खोटी नोटा-नाणी, सगळं सरकारने दिलेलं, सगळं कोरं करकरीत. काढलं आणि एक दांडा हरवला तर ऑडिटला उत्तर कोण देणार? त्यापेक्षा मुलांनी बेरीज हरवलेली परवडते. तिचं ऑडिट होत नाही.

घरी काय चालतं ते बघा. कोळवण खोऱ्यात भात झोडून झाला की आजी पायली घेऊन खळ्यावर बसते. पहिली पायली पोत्यात ओतताना ती 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणते. मग दोन, तीन. नातू दर पायलीला एक खडा ठेवतो.

"आज्ये, ह्या पोत्यात बारा."

"आन् मगाच्यात?"

"तेरा."

"मंग दोनी मिळून?"

नातू तेराच्या ढिगातला एक खडा बाजूला सारतो. "बारा न् बारा चोईस... पंचीस!"

"शाना हाईस."

नातवाने जे केलं त्याला शिक्षणशास्त्रात नाव आहे, त्यावर प्रबंध आहेत, प्रशिक्षणवर्गांत त्याच्या चकचकीत स्लाइडी दाखवतात. आजीकडे त्याच्यासाठी दोनच शब्द होते आणि तिला पुढची पायली ओतायची होती. तिच्या घरातली मापंही अशीच शिकवणारी. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अदली, दोन अदल्या म्हणजे पायली. सगळी उतरंड दुपटीची. आम्ही दशमान पद्धत आणली ते योग्यच केलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण मापं अडगळीत टाकताना त्यांच्यासोबत पोरांचा हा रोजचा सरावही गेला, आणि त्याच्या जागी आलं काय, तर पाच किलोची शिवलेली पिशवी. तिच्यावर वजन छापलेलं असतं. मोजायचं काहीच उरत नाही.

वाण्याच्या दुकानाची कथा त्याहून ताजी. पूर्वी पोराला दहाची नोट देऊन पाठवत. सहाचं मीठ, दोनची काडेपेटी, आठ झाले, दोन परत. त्या दोन रुपयांवर पोराचा डोळा असे, म्हणून हिशेब चुकत नसे. बेरजेला एवढं जातिवंत कारण शाळेने आजवर दिलेलं नाही. आता घरातूनच फोन येतो, "पोरगं येतंय, पाठवलेत बघा." दुकानातला डबा बोलतो, इतके रुपये प्राप्त झाले. पोरगं पुडा घेऊन परत येतं. व्यवहार झाला, बेरीज झाली, वजाबाकी झाली; पोराच्या डोक्याला काही झालं नाही. सुट्ट्यांऐवजी चॉकलेट टेकवणारा वाणी तेव्हा लुटारू वाटायचा. निदान एका चॉकलेटचा रुपया धरतो की दोन, ह्यावरून भांडण तरी व्हायचं.

खेळातून गणित म्हटलं की काही पालकांच्या कपाळाला आठी पडते. खेळ म्हणजे वेळ वाया. त्यांच्यासाठी परदेशी दाखला देतो, देशी दाखल्याने ह्या मंडळींचं समाधान होत नाही. अमेरिकेत गीता रमाणी आणि रॉबर्ट सीगलर ह्या दोघांनी २००८मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. गरीब घरांतली, शाळापूर्व वयाची चिमुरडी घेतली. काहींना एक ते दहा आकड्यांच्या सरळ पट्टीवर सोंगटी चालवायला दिली, काहींना तशीच पट्टी पण आकड्यांऐवजी रंगांची. दोन आठवड्यांत पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठका, एवढंच. आकड्यांच्या पट्टीवर खेळलेल्यांची संख्यांची जाण वाढली, नऊ आठवड्यांनीही टिकली. रंगांच्या पट्टीवर खेळलेल्यांची तशी वाढली नाही. ह्यात एक बारीक खोच होती. मूल तीनच्या घरावर असेल आणि दोन पडले तर 'एक, दोन' नव्हे, 'चार, पाच' म्हणायचं. पहिल्यापासून सगळं पुन्हा मोजायचं नाही, आहे तिथून पुढे मोजायचं. बेरजेचा उंबरठा तो हाच.

आपली सापशिडी त्याच जातीची. तिच्या मोक्षपटाचं कूळ परंपरेने थेट ज्ञानेश्वरांपर्यंत नेऊन भिडवलेलं आहे. फक्त शंभर घरांची, वळणावळणाने उलटसुलट जाणारी सापशिडी चार वर्षांच्या मुलाला जड जाते. त्यापेक्षा अंगणात गेरूने दहा घरं सरळ आखा. खर्च शून्य. म्हणूनच कुठलाही फलक ते सुचवत नाही.

आणि हे सगळं आपल्याकडे कुणाला सुचलं नव्हतं असं नाही. ताराबाई मोडक आणि पुणे जिल्ह्यातल्याच मोरगावात जन्मलेल्या अनुताई वाघ ह्या दोघींनी १९४५मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मादाम माँटेसरींची पद्धत ताराबाईंना पसंत होती, साधनांची किंमत नव्हती. त्यांनी शिंपले, बिया, खडे, पानं, काड्या घेतल्या. वारली मुलं बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळा कुरणात नेली, कुरणशाळा. ताराबाईंना १९६२मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५मध्ये पद्मश्री. पुरस्कार देऊन झाले की विचार कपाटात ठेवायला आपण मोकळे होतो. अंगणवाडी हा शब्द तेवढा १९७५च्या सरकारी योजनेने उचलला आणि देशभर नेला. आज त्या अंगणवाडीतली सेविका मुलांचं वजन, उंची, खिचडी आणि हजेरी मोबाइलमध्ये भरते. रेंज नसलेल्या वाडीत रेंज शोधत टेकाडावर चढते. तिने शिंपले कधी मांडायचे?

२०१९ची गोष्ट आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'सत्तावीस'सोबत 'वीस सात' असं वाचनही दिलं. कारण साधं होतं. आपण बोलताना सात आधी म्हणतो, लिहिताना दोन आधी लिहितो, आणि त्या अदलाबदलीत बरीच मुलं २७च्या जागी ७२ लिहितात. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर. गणित शिकलेल्या, शिकवलेल्या, मुलांसाठी गणितावर लिहिणाऱ्या बाई. त्या परोपरीने सांगत राहिल्या की जुनी नावं काढलेली नाहीत, ही जोड आहे. महाराष्ट्राला वेळ नव्हता. वर्ष निवडणुकीचं होतं. विधानसभेत आडनावांवरून कोट्या झाल्या, व्हॉट्सॲपवर विनोदांचा पूर आला, भाषा बुडाली म्हणून अग्रलेख झाले. तुमच्या दुसरीतल्या मुलाला सत्तावीसमध्ये पंधरा मिळवता येतात का, एवढं सोडून सगळं विचारून झालं. पद्धत पटो न पटो, तो वाद पहिल्यांदाच गणिताचा वाद होऊ शकला असता. आपण तो अस्मितेचा केला, कारण त्यात आपला हात बसलेला आहे.

आता दुसऱ्या बाजूने चिमटा काढायला हवा, नाहीतर 'खेळू द्या हो मुलांना, सगळं आपोआप येतं' म्हणणारी भाबडी मंडळी खूश होतील. आपोआप येत नाही.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात १९८५च्या सुमारास संशोधकांनी रस्त्यावर नारळ-कलिंगडं विकणाऱ्या पाच मुलांचे हिशेब तपासले. गाड्यावर ९८ टक्के उत्तरं बरोबर. तीच गणितं कागदावर आकड्यांत मांडून दिली तर ३७ टक्के. मूल तेच, आकडे तेच. फेब्रुवारी २०२५मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला. (बॅनर्जींचं आजोळ मराठी, आई पूर्वाश्रमीच्या पाटणकर, नोबेल मिळाल्यावर ते आपल्याला आठवलं होतं.) कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं भाजीचा गुंतागुंतीचा हिशेब डोक्यात करतात, शाळेच्या मांडणीतली साधी गणितं त्यांना येत नाहीत. आणि शाळेत जाणाऱ्या, शाळेची गणितं सोडवणाऱ्या मुलांना बाजारातला हिशेब येत नाही. दोन्ही बाजूंना हुशारी आहे, मधला साकव वाहून गेलेला आहे.

तो साकव बांधणं हे शाळेचं काम. पोरगी सागरगोट्यांत चारची फोड करते ती तिला कागदावर '३ + १ = ४' अशी दिसली पाहिजे, आणि ते आपणच मघाशी केलं असं तिला वाटलं पाहिजे. डीएडच्या पेपरात प्रत्येक गुरुजींनी 'मूर्ताकडून अमूर्ताकडे' असं लिहून मार्क घेतलेले असतात. वर्गात मूर्ताला सुट्टी देतात आणि थेट अमूर्तापासून हजेरी घेतात.

कागद सोडून चालणार नाही, निदान मुळशीत तरी मुळीच नाही. ह्या तालुक्याचं तोंडी गणित पहिल्यापासून पक्कं, कागदावरचं गणित पहिल्यापासून दुसऱ्याच्या हातात. १९२१मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या साथीने मुळशी पेट्यातली कुळं उभी राहिली. राजेंद्र व्होरा ह्यांनी त्या सत्याग्रहावर पुस्तक लिहिलं, ते वाचा. नुकसानभरपाईचा कागदावरचा हिशेब पुण्यात बसलेल्या सावकार-जमीनदारांना पटत गेला; ज्यांच्या भाताच्या खाचरांवर पाणी चढणार होतं त्यांना तो कधीच पटला नाही. आजही दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. मुलं सोबत जातात. हजार विटा किती थरांत बसतात हे आठ वर्षांच्या पोराला कळतं. बापाने पावसाळ्यात घेतलेली उचल, आठवड्याचा खर्च, फिटले किती, बाकी किती, हे मात्र ठेकेदाराच्या वहीत. ती वही वाचता येणं आणि तिच्यातली बेरीज आपल्या बोटांनी पुन्हा करून बघता येणं, ह्यासाठी बेरीज शिकायची असते. 'निपुण भारत' जुलै २०२१मध्ये सुरू झालं, तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला वाचन आणि अंकगणित यावं म्हणून २०२६-२७ची मुदत घातली. मुदत आली. भट्टीवरच्या पोराचं नाव हजेरीपटावर आहे, पोर भट्टीवर आहे.

करायचं काय, ह्यात गूढ काही नाही. कबड्डी संपली की गुण जमिनीवर काडीने लिहायला लावा, त्याच पोराला, जो ओरडत होता त्याला. चिंचोक्यांच्या डावात दर खेपेला पडलेले आकडे बाजूला मांडून ठेवायला सांगा, डाव संपल्यावर बेरीज आणि सोंगटीचं घर जुळतं का बघू द्या. न जुळलं तर पोरं आपसांत भांडतील. भांडू द्या, उजळणी त्यातच होते. हातचा शिकवायचा तर आगपेटीच्या काड्या घ्या. दहा काड्यांना रबर लावून गठ्ठा. सत्तावीस म्हणजे दोन गठ्ठे आणि सात सुट्या, पंधरा म्हणजे एक गठ्ठा आणि पाच सुट्या. सुट्या एकत्र केल्या, बारा झाल्या. त्यांतल्या दहांना रबर लावल्याशिवाय पोराला चैन पडत नाही, कारण रबर लावायला मजा येते. झाले चार गठ्ठे, दोन सुट्या. बेचाळीस. ह्या काड्यांतून तीनशे बारा काढून दाखवणारं पोर अजून जन्माला यायचं आहे. मग वहीत लिहा, लगेच, काड्या समोर असतानाच. उद्यावर ढकललं की काड्या वेगळ्या आणि वही वेगळी होते.

हिंजवडीकडच्या पालकांना वेगळं सांगणं. तुम्ही 'खेळता खेळता' शिक्षणाचे वर्षाचे हप्ते भरलेत, उत्तम. आता शनिवारी घरी भाजी निवडताना शेंगा पोराच्या पुढ्यात टाका आणि पाच-पाचचे ढीग करायला सांगा. पावती मिळणार नाही, तेवढं सोसा.

आणि पौड खोऱ्यातल्या, कोळवण खोऱ्यातल्या, मुठा खोऱ्यातल्या आई-बापांनो, शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीला वहीची किती पानं भरली हे विचारू नका. गणित पेटी वर्गात केव्हा उघडणार, हे विचारा. हरवलेल्या दांड्याची जबाबदारी समिती घेते, असा ठराव लिहून द्या म्हणजे ऑडिटचं निमित्त उरणार नाही. किल्ली बहुधा मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या उजव्या खणात असते. मागून घ्या.